टर्बो गाडीला परफॉर्मन्स कॅम बसवताना व्हॉल्व्ह स्प्रिंग : आधी मोजा, मग मागवा

परफॉर्मन्स कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) मागवताना बहुतेकांचे लक्ष लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो) आणि ड्युरेशन (तो किती अंश उघडा राहतो) या दोन आकड्यांवर असते. व्हॉल्व्ह स्प्रिंगची आठवण इंजिन उघडल्यावर होते, आणि माझ्यासारख्याला तर ते पुन्हा बंद करून झाल्यावर झाली. माझ्या जुन्या स्कोडा ऑक्टाव्हियात १.८ लिटरचे टर्बो इंजिन आहे. प्रत्येक सिलिंडरला तीन इनटेक आणि दोन एक्झॉस्ट, असे एकूण २० व्हॉल्व्ह. पहिल्या खेपेस मी नवे कॅम जुन्याच स्प्रिंगांवर बसवले, कारण आपण कुठे रेडलाइन (इंजिनाच्या वेगाची कमाल मर्यादा) ओलांडणार आहोत, असा माझा समज होता. पंधरा दिवसांत दुसऱ्या गिअरमध्ये ५,८०० आरपीएमच्या आसपास गाडी अडखळू लागली. मी प्लग बदलले, इग्निशन कॉइल बदलल्या, टर्बोचे सगळे होज तपासले. ज्या गॅरेजमध्ये काम करून घेतले होते, तिथे पेट्रोलमध्ये भेसळ असल्याचे निदान झाले. दोन महिन्यांनी हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) पुन्हा उतरवले तेव्हा दोष स्प्रिंगांचा निघाला, आणि एकाच कामाची मजुरी मी दोनदा मोजली. हा लेख पहिल्यांदाच हे काम करून घेणाऱ्या किंवा स्वतः करणाऱ्या कोल्हापूर परिसरातील वाचकांसाठी आहे. उदाहरणे माझ्या इंजिनाची असली, तरी पद्धत कोणत्याही टर्बो पेट्रोल इंजिनाला लागू पडते.

१. स्प्रिंगचे काम आणि टर्बोमुळे पडणारा फरक

कॅम व्हॉल्व्ह उघडतो, पण तो बंद करण्याचे काम स्प्रिंगचे असते. कॅमच्या माथ्यावरून टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली वाटी) उतरत असताना तो कॅमला चिकटून राहील एवढा दाब देणे हेही स्प्रिंगकडेच असते. हा दाब अपुरा पडला की टॅपेट कॅमपासून क्षणभर सुटतो, व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि सीटवर (बंद होताना तो टेकतो त्या कडेवर) आपटून किंचित उसळतो. यालाच व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात. व्हॉल्व्ह, रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) आणि टॅपेट यांच्या वजनामुळे निर्माण होणारे बल आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्यामुळे ६,००० वरून ७,००० आरपीएमवर जाताना वेग १७ टक्के वाढला तरी हे बल सुमारे ३६ टक्के वाढते. शिवाय परफॉर्मन्स कॅम तेवढ्याच किंवा थोड्याच जास्त अंशांत व्हॉल्व्ह अधिक उंच उचलतो, म्हणून रेडलाइन तीच ठेवली तरी जुन्या स्प्रिंगवरचा भार वाढतोच. माझी समजूत चुकली ती नेमकी येथे.

टर्बो इंजिनात आणखी एक बल येते. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर बूस्टचा (टर्बोने भरलेल्या हवेचा) दाब असतो आणि तो व्हॉल्व्ह उघडण्याच्या दिशेने ढकलतो. माझ्या इंजिनाचा इनटेक व्हॉल्व्ह सुमारे २७ मिमी व्यासाचा आहे, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५.७ चौरस सेंमी होते, आणि १ बार बूस्टला त्यावर सुमारे ५.८ किलो बल येते. सीटवरचा एकूण दाब २५ किलो असेल, तर त्यातून ५.८ किलो जाणे ही किरकोळ बाब नव्हे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सुमारे ३० मिमीचा असल्यामुळे तिथे प्रत्येक बारला सुमारे ७.२ किलो धरावे लागतात.

मात्र हा हिशोब जशाच्या तसा धरू नये, कारण व्हॉल्व्हच्या दुसऱ्या बाजूलाही सिलिंडरमधला दाब असतोच आणि प्रत्यक्षात काम करतो तो दोन्ही बाजूंमधला फरक. इनटेक व्हॉल्व्ह बंद होण्याच्या वेळी सिलिंडर बऱ्याच अंशी बूस्टच्या दाबापर्यंत भरलेला असतो, त्यामुळे तिथला फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा कमी असतो. अधिक काळजी एक्झॉस्ट व्हॉल्व्हची घ्यावी असे माझे मत आहे. लहान टर्बो वरच्या आरपीएमला ताणला की एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब बूस्टच्याही वर जातो आणि इनटेक स्ट्रोकच्या वेळी तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडू पाहतो. नैसर्गिक श्वसनाच्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, इंजिनासाठी ठरवलेला स्प्रिंगचा आकडा टर्बो इंजिनाला तसाच लावू नये, तो याच कारणाने.

२. मागवण्याआधी जमवायची कागदपत्रे

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे कॅम कार्ड. त्यावर इनटेक आणि एक्झॉस्टची लिफ्ट, १ मिमी लिफ्टला मोजलेले ड्युरेशन, टायमिंगचे अंश आणि शिफारस केलेला स्प्रिंगचा दाब हे सर्व असायला हवे. जो विक्रेता कार्ड देत नाही, त्याच्याकडून कॅम घेऊ नये. स्वस्त मिळाला तरी नको. दुसरा कागद स्प्रिंगचा तपशील : बसवण्याची उंची, त्या उंचीला असणारा दाब, प्रति मिमी वाढणारा दाब आणि स्प्रिंग पूर्ण दाबली गेल्यावरची उंची. तिसरा, इंजिनाचे वर्कशॉप मॅन्युअल. माल परदेशातून कुरिअरने येणार असेल तर सीमाशुल्कासाठी ओळखपत्राची केवायसी आणि खरेदीचे बिल लागते, आणि शुल्क धरूनच किमतीचा हिशोब करावा.

गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर आरसी, पीयूसी आणि विमा पॉलिसी हेही समोर ठेवावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. कॅम आणि स्प्रिंग बाहेरून दिसत नाहीत म्हणून ही बाजू पुष्कळ जण सोडून देतात. अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालण्यापेक्षा आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याकडे आधीच लेखी विचारणा केलेली बरी. फार ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ) असलेला कॅम आयडलला पीयूसीमध्येही अडचण करतो.

३. हत्यारे आणि कोल्हापुरात कामे कुठे होतात

घरी किंवा ओळखीच्या गॅरेजमध्ये हे काम करायचे झाल्यास पुढील हत्यारे लागतात.

– टॅपेटच्या खोबणीत उतरेल असा व्हॉल्व्ह स्प्रिंग कॉम्प्रेसर. २० व्हॉल्व्हच्या हेडला साधा सी आकाराचा जाड तोंडाचा कॉम्प्रेसर आत जात नाही.
– मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज, व्हर्निअर आणि फिलर गेज.
– कमी टॉर्कलाही अचूक असणारा टॉर्क रेंच.
– डिग्री व्हील (क्रँकवर लावायची अंशांची चकती), व्हॉल्व्ह सीलचा चिमटा, पेनसारखे लोहचुंबक, असेंब्ली ल्युब आणि थोडे ग्रीस.
– मोजमापासाठी दोन अगदी हलक्या स्प्रिंगा.

स्प्रिंग टेस्टर विकत घेण्याची गरज नाही. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांची हेड वर्षानुवर्षे दुरुस्त होत आली आहेत. तिथे टेस्टरही मिळतो आणि सीट कापणे, गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) बदलणे, शिम (स्प्रिंगखालची पातळ चकती) घासणे ही कामे जाणणारे हातही मिळतात. फक्त एक पथ्य पाळावे : आकडे लिहिलेला कागद घेऊन जावे. ‘जरा टाइट स्प्रिंग द्या’ असे सांगितल्यास ट्रॅक्टरची स्प्रिंग कापून मिळण्याची शक्यता असते. जुना कॅम घासून ‘परफॉर्मन्स’ करून देण्याची तयारीही कोणी दाखवेल, पण कॅमच्या पृष्ठभागाचा कडक थर किती खोल आहे याची खात्री नसताना तो मार्ग मी घेणार नाही.

४. हेड उतरवून मोजमाप

स्प्रिंग बदलण्यासाठी हेड उतरवलेच पाहिजे असे नाही. पिस्टन टीडीसीवर (सर्वांत वरच्या टोकाला) आणून प्लगच्या भोकातून हवेचा दाब भरला की व्हॉल्व्ह वर धरून ठेवता येतो. पण पहिल्यांदाच काम करणाऱ्याने, विशेषतः लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत, हेड उतरवूनच काम करावे. कारण नव्या कडक स्प्रिंगा झिजलेल्या गाइडवर आणि खचलेल्या सीटवर बसवण्यात अर्थ नसतो, आणि ती झीज हेड टेबलावर आल्याखेरीज नीट दिसत नाही.

टॅपेट काढताना ते क्रमाने आणि कॅमला टेकणारी बाजू खाली ठेवून मांडावेत, म्हणजे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने मोकळी जागा आपोआप भरून काढणाऱ्या) टॅपेटमधले तेल निथळत नाही. प्रत्येक टॅपेट परत त्याच जागी जायला हवा. मी वीस खणांचा पुठ्ठा करून त्यावर सिलिंडरचा क्रमांक लिहिला होता.

आता जुन्या स्प्रिंगांची तपासणी. माझ्या वीस स्प्रिंगा मी व्हर्निअरने मोजल्या, सगळ्यांची उंची जवळपास सारखी भरली आणि मी निर्धास्त झालो. उद्यमनगरातल्या ज्या वयस्कर मिस्त्रींकडे हेड नेले, ते ओळ लावून ठेवलेल्या स्प्रिंगांकडे पाहून म्हणाले, “उंची बघून काय करतासा? वजन बघा.” त्यांनी टेस्टरवर एकेक स्प्रिंग ठरलेल्या उंचीपर्यंत दाबली. काटा बहुतेकींना २२ किलोच्या आसपास थांबत होता. तिसऱ्या सिलिंडरच्या दोन एक्झॉस्ट स्प्रिंगांना तो १८ वरच राहिला. डोळ्यांना त्या दोन स्प्रिंगा इतरांसारख्याच होत्या. “बसल्यात ह्या,” एवढे बोलून मिस्त्रीमामांनी त्या बाजूला सारल्या. माझी दोन महिन्यांची भेसळ त्या दोन स्प्रिंगांत होती. तेव्हापासून मी जुनी स्प्रिंग उंचीवरून पसंत करत नाही. मॅन्युअलमधल्या दाबापेक्षा १० टक्क्यांहून कमी भरली की ती बाद समजावी.

यानंतर बसवण्याची उंची मोजावी. व्हॉल्व्ह सीटवर बसवून स्प्रिंगशिवाय नुसता रिटेनर आणि कॉटर (रिटेनरला व्हॉल्व्हच्या दांडीवर अडकवणारे दोन छोटे तुकडे) लावावेत, रिटेनर हाताने वर ओढून धरावा आणि स्प्रिंग टेकण्याच्या जागेपासून रिटेनरच्या खालच्या बाजूपर्यंतचे अंतर घ्यावे. हे सर्व वीस जागी करावे, कारण सीट कापली असेल तर व्हॉल्व्ह खोल जातो, त्याची दांडी वर येते, उंची वाढते आणि स्प्रिंगचा दाब कमी होतो. हा फरक शिमने भरून काढता येतो. दांडी प्रमाणाबाहेर वर आली असेल तर मात्र हायड्रॉलिक टॅपेटला जागाच उरत नाही आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. म्हणून सीट कापणाऱ्याला मॅन्युअलमधली मर्यादा आधीच दाखवावी.

५. हिशोब

पुढचे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत; आपल्या इंजिनाचे आकडे आपणच मोजावेत. समजा बसवण्याची उंची ३३ मिमी आहे, जुन्या कॅमची लिफ्ट ८ मिमी आहे आणि जुनी स्प्रिंग २२.८ मिमीला पूर्ण दाबली जाते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर तिची उंची २५ मिमी राहते, म्हणजे २.२ मिमी शिल्लक. नव्या कॅमची लिफ्ट १०.५ मिमी असेल तर स्प्रिंगला २२.५ मिमीपर्यंत जावे लागेल; पण २२.८ ला तर तिचे वेटोळे एकमेकांना टेकलेले असतात. यालाच कॉइल बाइंड म्हणतात. तेथे कॅम थांबत नाही, म्हणून कॅमचा माथा, टॅपेट किंवा कॉटर यांपैकी काहीतरी मोडते. पूर्ण लिफ्टला किमान १ ते १.५ मिमी शिल्लक राहिली पाहिजे.

आता नवी स्प्रिंग ३३ मिमीला २५ किलो दाब देते, प्रति मिमी ३.५ किलोने वाढते आणि २०.५ मिमीला पूर्ण दाबली जाते असे धरू. पूर्ण लिफ्टला शिल्लक २ मिमी आणि दाब सुमारे ६२ किलो. अर्ध्या मिमीचा शिम खाली घातला तर सीटवरचा दाब पावणेदोन किलोने वाढतो, पण शिल्लक १.५ मिमीवर येते. शिम घालून दाब वाढवण्याचा मोह होतो तेव्हा ही दुसरी बाजू विसरली जाते.

तिसरे अंतर हमखास राहून जाते : रिटेनरची खालची बाजू आणि व्हॉल्व्ह सीलचा माथा यांच्यामधले. त्या अंतरातून लिफ्ट वजा केल्यावर सुमारे १.५ मिमी तरी उरले पाहिजे. नाहीतर रिटेनर प्रत्येक फेऱ्याला सीलवर आपटतो आणि काही दिवसांत सायलेन्सरमधून निळा धूर दिसू लागतो. माझ्या पहिल्या खेपेत चार सील अशीच चेचली गेली होती, आणि त्याचा ठपका आम्ही टर्बोच्या सीलवर ठेवला होता.

६. कोणती स्प्रिंग घ्यावी

कॅम बनवणाऱ्याने शिफारस केलेली स्प्रिंग हा आरंभबिंदू धरावा आणि आपल्या बूस्टचा हिशोब करून सीटवरचा दाब थोडा वाढवावा. सगळ्यांत कडक ती सगळ्यांत चांगली, हा गैरसमज महाग पडतो. जादा दाबाने कॅम आणि टॅपेट लवकर झिजतात, सीट खचते, टायमिंग बेल्टवरचा ताण वाढतो आणि हायड्रॉलिक टॅपेटमधले तेल दाबून बाहेर पडून लिफ्टच कमी होते. उलट स्प्रिंग मऊ असेल तर फ्लोटच्या वेळी हायड्रॉलिक टॅपेट मोकळी झालेली जागा तेलाने भरून घेतो आणि व्हॉल्व्ह बंदच होऊ देत नाही.

दुहेरी स्प्रिंगमध्ये आतली आणि बाहेरची स्प्रिंग उलट दिशांनी वळलेली असते. त्यामुळे वेटोळी एकमेकांत अडकत नाहीत, आणि बाहेरची तुटली तरी आतली व्हॉल्व्हला सिलिंडरमध्ये पडू देत नाही. बीहाइव्ह स्प्रिंग वर निमुळती असते; तिचा रिटेनर लहान व हलका असल्यामुळे कमी दाबातही वरचे आरपीएम झेपते. रस्त्यावरच्या गाडीसाठी, हेडमध्ये बसत असेल तर, मी बीहाइव्ह घेईन. टायटॅनियमचे रिटेनर हलके असतात, पण रोजच्या वापरात त्यांची झीज तपासत राहावी लागते. चांगल्या पोलादी रिटेनरवर रस्त्यावरच्या गाडीचे काम भागते. स्प्रिंग, रिटेनर, कॉटर आणि खालची बैठक हे चारही भाग एकाच संचातले घ्यावेत. अॅल्युमिनियमच्या हेडवर पोलादी बैठकीशिवाय स्प्रिंग ठेवू नये. ती हेड खरवडते.

७. बसवणी

जुना रिटेनर कॉम्प्रेसर लावण्याआधी सॉकेट ठेवून हलक्या हाताने ठोकावा, म्हणजे चिकटलेले कॉटर मोकळे होतात. चाळीस कॉटरांपैकी एक हातून सुटणार हे धरूनच चालावे. हेड गाडीवर असताना काम करत असाल तर तेलाची सर्व भोके आधी चिंध्यांनी बंद करावीत. माझा एक कॉटर अशाच भोकात गेला होता आणि लोहचुंबकाने तो बाहेर काढायला तासभर लागला.

नवे सील, मग बैठक आणि लागेल तिथे शिम, मग स्प्रिंग. वेटोळी एका टोकाला दाट असतील तर दाट बाजू हेडकडे ठेवावी. कॉटरच्या आत ग्रीसचा बोटभर लेप दिला की ते दांडीला चिकटून राहतात. कॉम्प्रेसर सोडल्यावर वर फडके टाकून, चष्मा लावून, दांडीच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीने हलकेच ठोकावे. नीट न बसलेला कॉटर तेव्हाच निसटतो, आणि चालू इंजिनात निसटण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

कॅमच्या कॅप एकाआड एक, अर्धा-अर्धा फेरा देत आवळाव्यात. नव्या स्प्रिंगा कॅमला जोराने वर उचलतात. एकच टोक आधी आवळले तर कॅप तडकते किंवा कॅमच मोडतो. माझ्या इंजिनात या बोल्टांचा टॉर्क केवळ १० न्यूटन-मीटर आहे, त्यामुळे हाताच्या अंदाजावर विसंबू नये. याच इंजिनात दोन कॅम मागच्या बाजूने साखळीने जोडलेले असतात आणि दोन्ही कॅमवरच्या खाचांमध्ये साखळीचे १६ रोलर मोजून यावे लागतात. साखळीच्या टेन्शनरची प्लास्टिकची पट्टी ठिसूळ झाली असेल तर तीही याच वेळी बदलावी.

८. पिस्टनपासूनचे अंतर

हे इंजिन इंटरफिअरन्स प्रकारचे आहे, म्हणजे टायमिंग चुकले की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून पहिल्या सिलिंडरवर खऱ्या स्प्रिंगांऐवजी हलक्या स्प्रिंगा लावाव्यात, डिग्री व्हीलने कॅम कार्डाप्रमाणे टायमिंग जुळवावे आणि टीडीसीच्या आधी व नंतर सुमारे १० अंशांच्या पट्ट्यात डायल गेज लावून व्हॉल्व्ह बोटाने पिस्टनला टेकेपर्यंत खाली दाबावा. इनटेकला किमान २ मिमी आणि एक्झॉस्टला किमान २.५ मिमी मोकळे असावेत, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि लांबतो. मातीचा गोळा ठेवून मोजण्याची जुनी पद्धत हायड्रॉलिक टॅपेट असताना फसवते. टॅपेट दबतो आणि अंतर आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

९. पहिला स्टार्ट आणि नंतर

हायड्रॉलिक टॅपेट असतील तर कॅम आवळल्यानंतर किमान ३० मिनिटे इंजिन सुरू करू नये; टॅपेटमधले जादा तेल बाहेर पडून ते आपापल्या उंचीला यावे लागतात. मग क्रँक पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा. कुठेही अडल्यास जोर लावू नये, टायमिंग पुन्हा पाहावे.

सुरू झाल्यावर काही मिनिटे टकटक येते, तिने घाबरू नये. पहिल्या २० मिनिटांचे आरपीएम कॅम कार्डावर लिहिल्याप्रमाणे ठेवावे, इंजिन पूर्ण तापू द्यावे आणि नंतर रात्रभर थंड होऊ द्यावे. या पहिल्या ताप-थंडीत नवी स्प्रिंग आपला दाब किंचित सोडते, म्हणून टेस्टरवरचा दाब अगदी काठावरचा ठरवू नये. ईसीयूचे (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचे) ट्यूनिंग यानंतरच करावे, आणि ट्यूनरला कॅम कार्ड दाखवावे.

पहिले तेल ५०० किलोमीटरला बदलून फिल्टर कापून पाहावा. चकचकीत कण दिसले तर वरचे कव्हर उघडून कॅमचे माथे बोटाने चाचपावेत. वीसही स्प्रिंगांचे दाब, उंची आणि शिमची जाडी यांचा कागद मी आरसीच्या फाइलमध्येच ठेवला आहे. पुढच्या वेळी हेड उतरेल तेव्हा मामांना तो आधी दाखवायचा आहे.